गाडी कोण थांबवणार?

एप्रिल लागला की शमीमआपा लोकांच्या पिशव्या उघडायच्या. स्टाफरूममध्ये कुणी नुसतं म्हणायचा अवकाश, की आम्ही सुट्टीत तिरुपतीला चाललो. आपा खुर्ची ओढून शेजारी यायच्या.

"काय काय घेतलं?"

"चिवडा, शंकरपाळे, चादरी..."

"चादरी घेतल्या, बरं केलं. आडवं पडायला लागतीलच. मीठ-साखर कुठं हाय?"

आमच्या मुख्याध्यापिका एकदा भर मे महिन्यात हिमायतनगरला लेकीकडे निघाल्या. ऊन लागू नये म्हणून पर्समध्ये कांदा ठेवला होता. आपांनी तो बाहेर काढून टेबलावर ठेवला. "बाई, हा खाऊन टाका आन् वर तांब्याभर पानी प्या. पर्समधला कांदा तुम्हाला काय पानी पाजणार हाय?" मुख्याध्यापिका सगळ्यांसमोर पाणी प्यायल्या. आपांपुढे हुद्दा चालत नसे.

लातूरच्या मुलींच्या शाळेत त्या गृहविज्ञान शिकवायच्या, मी इतिहास. आमच्या खुर्च्या शेजारी होत्या. आपांचं माहेर नांदेडचं, बोलणं तिखट. जुलाब लागले तर पाणी बंद करायचं नाही, उलट मीठ-साखरेचं पाणी घोट घोट चालू ठेवायचं. रक्तदाबाच्या गोळ्या सामानाच्या तळाशी नाही, हाताशी ठेवायच्या. रस्त्यावरचा बर्फ घातलेला रस प्यायचा नाही. डोक्यावर ओला पंचा. कुणी असंबद्ध बोलायला लागलं तर सावलीत निजवून अंग ओलं करायचं, वारा घालायचा आणि तडक दवाखाना. हे सगळं सांगून झालं की शेवटचा प्रश्न ठरलेला असायचा.

"गाडी कोण थांबवणार?"

म्हणजे वाटेत कुणाला बरं वाटेनासं झालं, तर ड्रायव्हरला थांब म्हणायचं काम कुणाचं, ते घरून ठरवून निघायचं. लोक म्हणायचे, आपांना सगळ्यांची किती काळजी! ती काळजी नव्हती. तो राग होता.

आपांचे यजमान लवकर गेले. एकच मुलगा, आरिफ. भूकंपाच्या पहाटे दोघं औशाजवळच्या सासरच्या गावी होती. भिंत आडवी झाली, आरिफच्या बाजेचे दोन पाय मोडले आणि तो कललेल्या बाजेवरून खाली घरंगळला, म्हणून वाचला. त्यानंतर आपा कितीतरी दिवस त्याला शेजारी घेऊन अंगणात निजायच्या.

आरिफ अकरावीत गेला तेव्हा लातुरात क्लासेसचं पेव फुटलं होतं. देवणी, मुदखेड, कुठून कुठून पोरं ट्रंका घेऊन खोल्या शोधत यायची. एका सरांनी नोकरी सोडून क्लास काढला होता. त्यांचं नाव मी लिहिणार नाही. गावभर फलकांवर ते आहेच, आणखी इथं कशाला? सरांची एक पद्धत होती. चाचणीत वर आलेल्या पोरांना मे महिन्यात हैदराबादची सहल, आणि परत आल्या दिवशी संध्याकाळी पेपर. सहलीनं अभ्यास बुडत नाही, हे पालकांना दाखवायचं असे. वेळ वाचावा म्हणून गाडीत बसल्यावर सर पोरांना सांगायचे, "पाणी बेतानं प्या. गाडी सारखी थांबणार नाही."

पालकांना यात शिस्त दिसायची. लातूरची शिस्त.

परतीच्या दिवशी सकाळी आरिफला जुलाब लागले. घरून नेलेली मीठ-साखर खिशात होती. पण पाणी प्यायलं तर गाडी थांबवायला लागणार, आणि मागच्या बाकांवर मुली बसलेल्या. तो लाजला. एकदा थांबले, दुसऱ्यांदा सर म्हणाले, "एकासाठी सगळ्या बॅचचा पेपर बुडवू काय? धर थोडा वेळ." उदगीर मागं पडलं तेव्हा तो पाणी मागत होता, थांबा म्हणत होता. लातूर आलं तेव्हा काहीच म्हणत नव्हता. गाडीतली पोरं एकेक करून आपांकडे येऊन हे सांगून गेली. त्या दिवशीचा पेपर मात्र झाला.

सर भेटायला आले. "ऊनच असं होतं, आपा. देवाची मर्जी."

आपांनी विचारलं, "गाडी का थांबवली न्हाई?"

सरांनी हात जोडले आणि ते उठले.

पोलिसांत कागद झाला, त्यात कारण लिहिलं उष्माघात. आपा मला म्हणाल्या, "जमिनीनं सोडलं होतं गं त्याला. आन् आता म्हनून राहिले, उन्हानं मारलं. उन्हाला कोण बेड्या घालणार?"

मी म्हणाले, "आपा, थोडं रडून तरी घ्या."

"मी रडले की त्या सराला लई बरं वाटंल. सगळं वाहून गेलं म्हनंल. न्हाई."

पुढच्या मे महिन्यात सरांची सहल निघाली. आपा बसच्या दाराशी उभ्या. चढणाऱ्या प्रत्येक पोराची पिशवी तपासली, पाण्याची बाटली भरलेली आहे का ते पाहिलं आणि आईबापांना मोठ्यानं विचारलं, "गाडी कोण थांबवणार?" आईबाप सरांकडे बघायचे. सर लालबुंद. क्लासचा माणूस आला, "मॅडम, बाजूला व्हा, उशीर होतोय."

"हाव, उशीर तर होनारच. मागल्या खेपेला लई वेळेवर पोचले होते तुम्ही."

मी तिथं होते. खोटं कशाला बोलू, मला फार बरं वाटलं.

दरसाल हेच. आपांनी पिशवी बघितल्याशिवाय आया पोराला गाडीत चढू देईनात. आपांना हाकलणंही सरांना जमेना. शेवटी त्यांनी शहाणपणा केला. शाळेत पेढे घेऊन आले. "आपा, आमच्या कार्यक्रमात तुमचा सत्कार करायचा ठरलंय. विद्यार्थ्यांच्या आरोग्यासाठी इतकं करता."

"सत्काराचं राहू द्या. माईक देणार काय?"

सर हसले, हो म्हणाले. बाई चार शब्द आभाराचे बोलेल, असं वाटलं असणार.

सभागृह पालकांनी भरलेलं. शाल अंगावर पडली तशी आपांनी काढून खुर्चीच्या पाठीवर टाकली आणि माईक धरला. "माझा आरिफ ह्यांच्या गाडीत पानी मागत होता. सर, गाडी का थांबवली न्हाई, ते ह्या आयाबापांना सांगा." आणि माईक सरांच्या हातात दिला.

सर म्हणाले, "आरिफ माझा फार आवडता विद्यार्थी होता..."

"ते झालं. पुढचं बोला."

पुढचं ते बोलले नाहीत. कुणीतरी राष्ट्रगीत सुरू केलं. सहली त्या वर्षापासून बंद झाल्या. मी म्हणाले, "आपा, जिंकलात."

"कुठं? तो बोलला काय?"

क्लास मात्र वाढतच गेला. इमारत झाली, वसतिगृह झालं. आपा निवृत्त होऊन नांदेडला भावाकडे गेल्या. मी भेटायला जायची तेव्हा कशी आहेस असं त्या विचारत नसत. "तो बोलला?" एवढंच. शेवटच्या आजारपणातही तेच. मी नाही म्हटलं की तोंड भिंतीकडे.

त्या गेल्यावर शाळेनं शोकसभा ठेवली. शाळेचं नवं सभागृह सरांच्या देणगीतून झालेलं, तेव्हा अध्यक्षस्थानी सरच. केस पांढरे, आवाज मऊ. आपांना त्यांनी आदर्श शिक्षिका म्हटलं, माउली म्हटलं. मी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "एवढं दुःख झालं, पण त्या माउलीनं मनात काही ठेवलं नाही. क्षमा केली."

मी उठले. "क्षमा केली नव्हती, सर. मी परवापर्यंत त्यांच्याकडे जात होते. गाडी का थांबवली नाही, तेवढं त्यांना ऐकायचं होतं. आता त्या नाहीत, आम्हाला सांगा."

"मॅडम, ही वेळ आहे का?"

"मला आता तास नाही. मी थांबते. तुम्ही सांगा, नाहीतर मी सांगते."

मी खाली बसले नाही. माझ्या मागे गणिताच्या बाई उठल्या, मग बालवाडीच्या. सरांनी नव्या मुख्याध्यापकांकडे पाहिलं. ते पायाकडे बघत होते.

"पेपरला उशीर झाला असता," सर म्हणाले. "तो थांबा म्हणत होता. मला वाटलं, पोरगं नाटक करतंय. पाणी बेतानं प्या, असंही मीच सांगितलं होतं."

एवढं बोलून ते खाली बसले आणि त्यांनी तोंड झाकून घेतलं. त्यांच्या पाठीवर हात ठेवायला कुणी उठलं नाही. मीसुद्धा नाही.