वाटीतला कस

रझाकारांच्या धास्तीनं गाव सोडून आम्ही येडशी स्टेशनाजवळ चिंचेखाली उतरलो होतो. शेजारच्या चुलीवर एक बाई आजारी नवऱ्यासाठी मूठभर मटण मंद जाळावर, झाकण ठेवून शिजवायची. नाव काही विचारलं नाही बघा. आई म्हणाली, "अगं, भाजून दे की, चव तरी लागंल."

"भाजलं की कस जाळात टपकतो, मावशी. शिजवलं की पाण्यात उतरतो."

ते पाणी नवऱ्याला पाजायची, उरलेला चोथा स्वतः खायची.

एका दुपारी त्याला घोट गिळवेना. त्यानं वाटी तिच्याकडं सरकवली. "तू पी. आता तुलाच लागंल."

ती लई रडली, न्हाय म्हणाली. त्यानं हात मागं घेतला नाही. शेवटी ती प्याली, अन् लेकराला जेवताना आई बघते तसा तो बघत राहिला.