साहेबांच्या इंग्रजीतलं ‘जा’

काही किस्से सांगणाऱ्याचे नसतात, डब्याचे असतात. दुपारी डबे उघडले की एकजण सुरू करतो, दुसरा म्हणतो, “नाही, असं नव्हतं झालं,” आणि तिसरी लोणचं वाढता वाढता शेवट सांगून टाकते. नगरच्या छावणीत, सामानसुमानाचा हिशेब ठेवणाऱ्या एका ऑफिसात मी टायपिस्ट होते. तिथे आमचे किस्से असेच साठत गेले. गंमत म्हणजे बहुतेक सगळे एकाच प्रश्नावरून झालेले: साहेब आपल्याला जा म्हणाले की नाही?

सत्तर-एकाहत्तरची गोष्ट. आधीचे साहेब हिंदीत बोलायचे. ‘जाओ’ म्हटलं की जायचं, विषय संपला. मग हे मेजरसाहेब आले. केरळचे, उंचेपुरे, मनाने मऊ. हिंदी चार शब्दांपुरती. इंग्रजी मात्र फर्डं, आणि त्या इंग्रजीत साधा ‘गो’ कधी ऐकूच आला नाही. माणूस बदलला, वेळ बदलली, मूड बदलला की त्यांचं ‘जा’ बदलायचं.

पहिला बळी मीच. नोकरीचा पहिला दिवस, पहिलं डिक्टेशन. ते संपल्यावर साहेब हसून म्हणाले, “रन अलाँग नाऊ.”

मिलिटरीचं ऑफिस. पळ म्हणाले तर पळायला हवं. साडीच्या निऱ्या एका हातात, वही दुसऱ्या हातात, अशी मी अख्खा व्हरांडा धावत गेले. हेडक्लार्क दामूअण्णा दारातच उभे होते. त्यांनी घाबरून विचारलं, “काय गं, आग लागली का?”

“नाही अण्णा. साहेबांनी पळायला सांगितलंय.”

अण्णांनी क्षणभर विचार केला. “सगळ्यांना की फक्त तुला?”

* * *

दुसरा बळी बबन, आमचा ड्रायव्हर. काष्टीचा गडी, गाडी जिवापाड जपणारा. इंग्रजी त्याला गाडीपुरतं यायचं: ब्रेक, क्लच, पुश. शेवटचा शब्द आमच्या जीपमुळे फार वापरात होता.

एका संध्याकाळी काम आटोपलं होतं. बबन उगाच ताटकळला म्हणून साहेब मायेने म्हणाले, “बबन, पुश ऑफ.”

थोड्या वेळाने साहेब बाहेर येऊन पाहतात तर बबन आणि दोन जवान जीप ढकलत निघालेले. जीपमध्ये कोणीच नाही. जीप उतारावरून फाटकापर्यंत गेली आणि खांबाला टेकून थांबली.

“किधर?” साहेबांनी विचारलं.

बबन घाम पुसत म्हणाला, “साब, वो तो आपने बोलाच नहीं. खाली पुश बोला.”

* * *

यानंतर दामूअण्णांनी प्रकरण हातात घेतलं. ते आधी एका शाळेत कारकून होते. इंग्रजी व्याकरण तोंडपाठ, पण बोललेलं इंग्रजी कानावर पडलं की गोंधळायचे. त्यांनी आठवडाभर साहेबांचं बोलणं लक्ष देऊन ऐकलं आणि नियम शोधला.

“पुढचा शब्द सोडून द्या,” ते म्हणाले. “मागे शेपूट आहे का बघा. ऑफ, आउट, अलाँग. शेपूट असलं की जायचं.”

दुसऱ्याच दिवशी दुपारी साहेब हॉलमध्ये आले. आम्ही सगळे उभे राहिलो. “कॅरी ऑन,” असं म्हणून ते बाहेर गेले.

“ऑन,” अण्णा म्हणाले. “शेपूट आहे. चला.”

“अण्णा, अजून ऊनसुद्धा उतरलं नाही,” मी म्हटलं.

“हुकूम आहे. आणि कॅरी म्हणजे वाहून नेणे. डबे घ्या.”

सकाळी साहेबांनी अण्णांना बोलावलं. काल सगळे कुठे होते?

“वी कॅरीड ऑन, सर.”

“कुठपर्यंत?”

“माळीवाड्यापर्यंत, सर. तिथून आपापल्या घरी.”

साहेब रागावतील असं वाटलं होतं. ते खुर्चीत मागे टेकून इतके हसले, की बाहेरचा पहारेकरी आत डोकावून गेला.

* * *

बबनच्या खोलीवर त्याचे सासरे मुक्कामाला आले आणि हलायचं नाव घेईनात. खोली एवढीशी. बबनची बायको चुलीपाशी झोपायची, बबन जीपमध्ये. शेवटी तो माझ्याकडे आला.

“बाई, साहेबाच्या भाषेत असा एक शब्द सांगा, की मानूस जाईल बी आन् त्याला लागनार बी न्हाई.”

मी खूप विचार करून सांगितलं, “टेक लीव्ह.” निरोप घेणं. यापेक्षा सभ्य शब्द मला येत नव्हता.

बबनने तो अर्धा मराठीत आणला. रात्री जेवताना म्हणाला, “मामा, आता तुमी लीव्ह घ्या.”

सासरे भाकरी मोडत म्हणाले, “लीव्ह घ्यायला मी काय नोकरीत हाय व्हय? मला कसली घाई न्हाई.”

आणि पुढचा बाजारचा वार होऊन गेला तरी ते राहिले.

* * *

हा किस्सा डब्याच्या वेळी आम्ही सांगत नसू, पण तोही त्यातलाच.

दामूअण्णांची आई गेली. तेराव्यापर्यंतची रजा मागायला ते स्वतःच साहेबांच्या खोलीत आले; मी डिक्टेशन घेत तिथेच बसले होते. माणूस दुःखात असला की शब्द इंग्रजी असले तरी आपल्याच भाषेतून बोलतो. म्हणाले, “सर, माय मदर इज गॉन.”

साहेब कागदात होते. “गॉन व्हेअर?”

अण्णा म्हणाले, “अमरधाम, सर.”

अमरधाम म्हणजे गावचं स्मशान; साहेबांना वाटलं, एखादं तीर्थ असेल. मान वर न करता म्हणाले, “छान. परत कधी येणार?”

मी पुढे होऊन साहेबांना खरं काय ते सांगितलं. साहेब उठले, टेबलाला वळसा घालून आले आणि अण्णांचे दोन्ही हात धरून उभे राहिले.

संध्याकाळी ते एकटेच अण्णांच्या घरी गेले. बूट बाहेर काढले आणि सतरंजीवर भिंतीशी बसले. बोलायला भाषा नव्हती, बोललेही नाहीत. मग उठले, सगळ्यांना हात जोडले आणि तसेच निघून गेले. दुःखाच्या घरातून निघताना आपल्याकडे ‘येतो’ म्हणत नाहीत, हे त्यांना कोणी सांगितलेलं नव्हतं.

अण्णांची बहीण म्हणाली, “रीतीचा माणूस दिसतो. आपल्यातलाच का?”

* * *

एकाहत्तरच्या थंडीत लढाई सुरू झाली आणि साहेबांना सरहद्दीवर जायचा हुकूम आला.

आदल्या दिवशी दामूअण्णा माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिले. “लढाईवर निघालेल्या माणसाला इंग्रजीत काय म्हणतात?”

“गुडबाय म्हणायचं, अण्णा.”

“ते नको.”

“मग फेअरवेल.”

“ते त्याहून नको.” आणि ते आपल्या जागेवर जाऊन बसले.

सकाळी साहेबांना न्यायला गाडी आली. आम्ही सगळे व्हरांड्यात उभे. साहेबांनी एकेकाशी हात मिळवला. अण्णांनी हात हातात घेतला आणि सोडला. साहेब पायऱ्या उतरले, एक पाय गाडीत ठेवला, आणि तेवढ्यात अण्णा मोठ्याने म्हणाले, “कम, सर.”

साहेब थांबले. पाय खाली घेतला आणि पुन्हा पायऱ्या चढून अण्णांसमोर येऊन उभे राहिले.

“यस, दामू?”

“नथिंग, सर,” अण्णा म्हणाले. “कम.”

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मला समजावून सांगता आलं असतं, इंग्रजी येत होतं. पण मी नुसते हात जोडले. साहेब जाऊन गाडीत बसले. गाडी सुरू झाली तसे अण्णा तिच्याबरोबर चालू लागले. “कम, सर. कम.”

फाटकाशी गाडी जरा हळू झाली. साहेबांनी हात बाहेर काढून अण्णांच्या खांद्यावर ठेवला.

“कमिंग, दामू,” ते म्हणाले, आणि गाडी स्टेशनच्या रस्त्याला लागली.