फ्रिजवरचा तह

एश्बॉर्नच्या ऑफिसात आठवडाभर डोकं पिकवून आलेल्या माणसाला रविवारी दुपारी रोमन साम्राज्य ऐकवू नये. पण मुलीचं दुसऱ्या दिवशी शाळेत रेफेराट होतं, वर्गापुढे उभं राहून बोलायचं होतं, आणि घड्याळ लावून वेळ मोजायला तिला मीच हवा होतो. बारा वर्षांची पोर. आम्ही मराठीत विचारायचं, तिनं जर्मनमध्ये उत्तर द्यायचं, हा घरचा शिरस्ता.

विषय होता रोमची दोस्त शहरं. काही शहरांशी रोमनं म्हणे तह केले होते. कायदे त्यांचे, न्यायनिवाडा त्यांचा, गावात रोमचं सैन्य नाही. तह ब्राँझच्या पत्र्यावर कोरायचे, एक पत्रा रोममध्ये, एक त्या शहरात. "आपल्यासारखं," ती म्हणाली आणि फ्रिजकडे बोट केलं.

दोन वर्षांपूर्वी ड्युसेलडॉर्फ सोडून इथे यायचं ठरलं, ते तिला सामानाची खोकी घरात आली तेव्हा कळलं. महिनाभर माझ्याशी बोलली नाही. शेवटी मी कागदावर लिहून दिलं, यापुढे घर हलवायचं ते तिघांनी मिळून ठरवायचं. खाली तिघांच्या सह्या. एक प्रत फ्रिजवर, दुसरी तिच्या खणात.

आणि गेल्या गुरुवारी मी ऑफिसात पुण्याला परत जायला होकार देऊन सही करून आलो होतो. थकलो होतो हो. आठ वर्षं तेच, दर वेळी व्हिसाची मुदत, तोच अंधारा हिवाळा, तिकडे आई एकटी. बायको म्हणाली, "तू केलंस ना, मग तूच सांग तिला." तीन दिवस मी मांजरासारखा डोळे मिटून दूध पीत होतो.

ती पुढे वाचत होती. तहात दोघं बरोबरीचे म्हणून लिहिलेलं असायचं, पण रोमला अडचण झाली की संपलं. ऱ्होड्स नावाच्या शहराचं स्वातंत्र्य एका सम्राटानं काढून घेतलं, मग परत दिलं, पुढच्या एकानं पुन्हा काढून घेतलं. ट्रेन उशिरा आहे हे सांगावं तशा आवाजात तिनं हे सांगितलं.

"काही प्रश्न?" वर्गाला विचारायची तालीम म्हणून तिनं मला विचारलं.

"त्या शहराला आधी विचारायचे का गं?"

"नाही. कळवायचे." मग तिनं कागद खाली केला. "बाबा, तू हे का विचारतोयस?"

सांगितलं. कधी, कुठे, सही झाली हेही सांगितलं. माझी मलाच लाज वाटत होती. रडली असती तर मला सोपं गेलं असतं. ती उठून खोलीत गेली, खणातली प्रत घेऊन आली आणि फ्रिजवर त्याच चुंबकाखाली लावली.

"दोन्ही तुझ्याकडेच राहू देत," म्हणाली.