कडबोळ्याबरोबर काय जातं

माझा धाकटा भाऊ नोकरी सोडून कॉफीचं दुकान काढतोय, हे मला त्याच्या बायकोकडून कळलं. मी पहिला प्रश्न हाच विचारला की मुलुंडमध्ये कॉफी पितं कोण. आमच्या घरात कॉफी म्हणजे जायफळ घालून दुधात उकळलेली, ताप उतरल्यावर नाहीतर संकष्टीला मिळणारी. एरवी सगळे चहाचे. भावाच्या कॉफीत ना दूध, ना साखर, ना जायफळ.

ऑफिसच्या कामासाठी तो एकदा चिकमंगळूरला गेला होता. तिथे एका मळेवाल्याने त्याला आपल्या बागेतली कोरी कॉफी पाजली आणि आमचे बंधुराज कामातून गेले. ‘ताई, त्या कॉफीला संत्र्याच्या सालीचा वास होता गं,’ असं तो पुढे कितीतरी महिने सांगत होता. जन्मभर दुसऱ्यांच्या कंपन्यांचे हिशेब तपासले, आता एक गोष्ट स्वतःची करायची, असं त्याने ठरवलं. ‘पैसे मिळतील न मिळतील, कुणीतरी फक्त माझ्या कॉफीसाठी परत यायला हवं,’ तो म्हणाला. हे बोलताना पन्नाशीला टेकलेल्या माझ्या भावाचे डोळे भरून आले होते. त्यामुळे मी टोमणे मारायचे बंद केले.

दुकान मुलुंड पूर्वेला, नव्याने बांधलेल्या एका सोसायटीच्या तळमजल्यावर. त्या रस्त्यावर आधीच तीन कॉफीची दुकानं होती आणि तिन्हीकडे काचेच्या कपाटात एकाच बेकरीतून आलेला तोच केक. आपलं दुकान वेगळं कसं दिसायचं, या काळजीत तो एका रविवारी माझ्याकडे आला. त्याचं म्हणणं असं की प्रत्येक कॉफीबरोबर तिला साजेसा खाऊ द्यायचा. केक नाही, आपल्या घरातला. मी नुकतीच निवृत्त झाले होते आणि रिकामपणाने माझं डोकं फिरायला लागलं होतं. मी लगेच डबे काढले.

ती दुपार मी विसरणार नाही. तो एकेक कॉफी करायचा आणि मी समोर काहीतरी ठेवायचे. शंकरपाळे बाद झाले, चिवडा बाद झाला. हलक्या भाजलेल्या, आंबटसर कॉफीबरोबर नारळाची वडी खाल्ली आणि कॉफीचा आंबटपणा एकदम गोड लागायला लागला. मग काळीकुट्ट, कडू कॉफी आली. तिच्यासमोर मी भाजणीची कडबोळी ठेवली. भाजणीचा खमंगपणा, तीळ, ओवा आणि वरून तो कडू घोट. मी, जिला कॉफी आवडत नाही, ती दुसरा घोट मागून बसले. भाऊ माझ्याकडे बघत राहिला. ‘कळलं ना तुला? आता कळलं ना?’ एवढंच म्हणाला. मला खरंच कळलं होतं.

दुकान उघडलं. फळ्यावर जोड्या लिहिल्या, आधी घास आणि मग घोट अशी सूचनाही लिहिली. आता ही सूचना कुणाला, तर आपल्या लोकांना, जे समोर कप आला की हातातलं काहीही त्यात बुडवतात. सोसायटीतले एक काका पहिल्याच आठवड्यात आले. त्यांनी कडबोळं कॉफीत बुचकळलं, मऊ होईपर्यंत थांबले, खाल्लं आणि म्हणाले, ‘झकास. फक्त यात जरा दूध-साखर घालून दे ना.’ भावाने दूध-साखर दिली. काकांनी तो कप बाजूला सारला आणि आणखी एक प्लेट कडबोळी मागवली.

जाताना त्यांनी विचारलं, ‘पार्सल मिळेल का रे? संध्याकाळी चहाबरोबर बरी पडतील.’

तिथून जे सुरू झालं ते थांबलंच नाही. काकांनी व्यायामाच्या ग्रुपला सांगितलं, ग्रुपने भिशीला. लोक यायचे, बसायचेही नाहीत. नारळाची वडी द्या, कडबोळी द्या, पाव किलो द्या, दिवाळीला ऑर्डर घेता का. कुणी बसलंच तर जोडी घ्यायचे, प्लेट चाटूनपुसून साफ करायचे आणि कप भरलेला सोडून जायचे. भाऊ ते कप उचलून आत न्यायचा. सकाळी घरून खाऊ करून नेला की मी काउंटरवर बसायचे. मोरीत कॉफी ओतल्याचा आवाज मला तिथे ऐकू यायचा.

मी काय करायचं बाकी ठेवलं? पार्सल बंद, अशी पाटी लावली. लोक जोडी मागवून कडबोळी रुमालात बांधून न्यायला लागले. एका बाईंनी तर मलाच सुनावलं, ‘घेतलीय ना कॉफी? मग प्यायची की नाही ते आम्ही बघू.’ शेवटी वाटलं, खाऊच जरा बेताचा करावा. एका घाण्याला मी मुद्दाम मोहन कमी घातलं. कडबोळी जरा कडक झाली. दुसऱ्या दिवशी तीन बायका काळजीने विचारून गेल्या, तब्येत बरी आहे ना म्हणून. एकीने मोहनाचं प्रमाणही सांगितलं. हसावं की रडावं, कळेना. पुढचा घाणा मी नेहमीसारखाच केला. वाईट करायचं म्हटलं तरी हात ऐकत नाही.

भावाची बायको हिशेबी आणि समंजस आहे. ती म्हणाली, ‘ताई, दुकान चालतंय ना, मग झालं.’ आणि थोड्या वेळाने हळूच म्हणाली, ‘पण नाकापेक्षा मोती जड झाला हो.’ तो मोती माझाच होता. त्यात चूक म्हणावी अशी काही नव्हती. त्याने मागितलं ते मी दिलं होतं आणि लोकांना आवडलं ते त्यांनी घेतलं होतं. भांडायला कुणी समोर असतं तर मी भांडले असते. मला भांडता येतं. पण इथे जो तो माझं कौतुकच करत होता.

मग मी एक वेडेपणा केला. रोज दुपारी गिऱ्हाईक म्हणून जाऊन एक कोरी कॉफी मागवायला लागले. पुढे दोन. मैत्रिणींना ओढून न्यायचे, त्यांच्या हातात कप द्यायचे, वास घ्या म्हणायचे. त्या वास घ्यायच्या, छान म्हणायच्या आणि कडबोळ्यांकडे वळायच्या. रात्री माझी छाती धडधडायची, झोप लागायची नाही. एक दिवस भावाने माझ्यापुढचा कप उचलून घेतला. ‘ताई, तू नको पीत जाऊ. तू माझ्यासाठी पितेस, कॉफीसाठी नाही. मला कळतं गं ते.’ रागाने बोलला असता तर बरं झालं असतं.

दिवाळीत दुकानात बसायला जागा उरली नाही. टेबलांवर फराळाची खोकी रचली होती. आजूबाजूला सगळे त्याला ‘कडबोळीवाले’ म्हणायला लागले होते. एका मुलीने तोंडावर विचारलं, ‘कॉफीपण ठेवता का?’ तो हसून हो म्हणाला. तिला पार्सल बांधून दिलं, वर एक वडी फुकट ठेवली.

दिवाळी संपल्यावर एका सकाळी दुकान उघडायच्या आधी तो माझ्या घरी आला. आधी नुसताच स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिला. मी विचारलं, काय रे, काय झालं? तर म्हणाला, ‘तू चहा कसा करतेस ते दाखव.’

मी त्याच्याकडे पाहिलं. सहा महिने दुकानात चहा ठेवायला त्याने साफ नकार दिला होता. लोकांनी विनवण्या केल्या, बायकोने अबोला धरला, तरी ठेवला नव्हता. मला म्हणायचं होतं, नको रे, अजून थोडं थांब. पण कशासाठी थांबायचं, ते मला सांगता आलं नसतं. मी आधण ठेवलं. आलं किती, त्याने विचारलं. मी म्हटलं, अंदाजाने. त्याने माझ्या हातातून आलं घेतलं, खिशातून छोटा काटा काढून त्यावर वजन केलं. साखरेचंही केलं, पावडरीचंही. दूध घातल्यावर किती वेळ उकळलं ते घड्याळ लावून पाहिलं. तो जे करतो ते मन लावून करतो. लहानपणापासून तसाच आहे.

चहा गाळला. त्याने कप नाकाशी नेला, डोळे मिटले, लहानसा घोट घेतला आणि तोंडात फिरवला. 

‘कडबोळ्याबरोबर जाईल,’ तो म्हणाला.

‘जाईल,’ मी म्हटलं.