नवी नाल

त्याला सगळे 'कशावरून' म्हणत. तोंडावर नालबंदकाका, पाठ वळली की कशावरून. हे नाव ज्याने कुणी ठेवलं त्याला फार डोकं चालवावं लागलं नसणार. दूधवाला म्हणाला दूध ताजं आहे, की हा विचारणार, "कशावरून?" डॉक्टर म्हणाले रक्तदाब उतरलाय, की "कशावरून?" बायको होती तेव्हा लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवशी तिने, मला तुमच्याबरोबर सुख लाभलं, असं काहीतरी म्हणून पाहिलं होतं. त्यावर तो काय म्हणाला, हे ती माऊली मरेपर्यंत नातेवाइकांना हसून हसून सांगत असे.

चाळीस वर्षं त्याने घोड्यांच्या पायांना नाला ठोकल्या. कुणाला बसायला घोडा घ्यायचा असला की तो आधी याच्या दारात यायचा. मंगळवारच्या बाजारात हा घोड्याचा पाय उचलून गुडघ्यांत धरायचा, खुराला नाक लावायचा, अंगठ्याने दाबायचा आणि मान हलवायचा. बहुतेक वेळा आडवी. त्याच्या नकारामुळे जे वाचले ते दुवा देत. ज्यांचा चांगला घोडा हातचा गेला त्यांना ते कधी कळलंच नाही, म्हणून त्याची कीर्ती अबाधित राहिली.

आता पाळी त्याच्या स्वतःच्या घरावर आली होती. त्याची मुलगी गावाबाहेर मुलांना घोड्यावर बसायला शिकवायची. एक रिंगण, तीन घोडे, पत्र्याचा तबेला. त्या तिघांतला म्हातारा, ज्याच्या पाठीवर प्रत्येक नवं मूल पहिल्यांदा बसायचं, गुडघ्यांनी अधू झाला. उरलेले दोघे तरणे, अंगात वारं भरलेले. त्यांच्यावर सात वर्षांचं पोर बसवायला कुणाची छाती होणार? नवा वर्ग पुढच्या महिन्यात होता. शांत घोडा नाही तर वर्ग नाही, आणि वर्ग नाही तर शाळा नाही, इतका साधा हिशोब होता.

पण मंगळवारचा बाजार कधीच उठला होता. त्या मैदानावर आता गाड्या लावायची जागा होती, पांढऱ्या पट्ट्या मारलेली. घोडे फोनवर विकले जात. सकाळी व्हिडिओ पडायचा, दुपारी दूरच्या शहरातला कुणीतरी न बघताच पैसे पाठवायचा, आणि संध्याकाळी खाली 'विकला गेला' अशी पाटी. किमती दरमहा चढत होत्या. वर विकणारेच घेणाऱ्याची परीक्षा घेत: तबेला किती लांब, घरी कोण कोण असतं, आधीच्या घोड्याचं काय झालं? मुलीने एकदा असा फॉर्म भरला तेव्हा बाप म्हणाला, "आपण घोडा मागतोय की मागणी घालतोय?"

तीन घोडे त्याने घालवले. पहिला व्हिडिओत गुडघाभर गवतात उभा होता. "पाय का लपवलेत?" दुसरा स्वस्त होता, म्हणजे घोडं नक्की कुठेतरी पेंड खात होतं. तिसऱ्याची सगळी कागदपत्रं, पायांचे एक्स-रेसुद्धा, न मागता आली होती. "न मागता कोण देतं?" एवढं बोलून तो चष्मा शोधायला गेला, आणि चष्मा सापडेपर्यंत घोडा विकला गेला.

त्या दिवशी मुलगी ताटावरून उठली.

"बाबा, तुम्ही घोडा शोधतच नाही आहात. तुम्ही खोट शोधताय, आणि ती तुम्हाला रोज मिळते. रविवारी एक घोडी बघायला जायचंय. हीपण नको झाली तर मी शाळा बंद करते. वाण्याच्या दुकानात हिशोबाला माणूस हवंय, मी विचारून आलेय."

"खरंच?" तो म्हणाला. नेहमीचा शब्द ओठांवर आला होता, तो त्याने गिळला.

घोडीची मालकीण बेकरीवाली होती. बेकरीच्या मागे फरसबंद अंगण आणि अंगणाच्या टोकाला एकाच जनावरापुरता तबेला. बाई पन्नाशी ओलांडलेली, कोपरापर्यंत पीठ. घोडीला ती मावशी म्हणायची.

"उद्या सकाळी एकजण गाडी पाठवतोय," ती म्हणाली. "व्हिडिओ बघूनच हो म्हणाला. पण मी म्हटलं, आज दोघं स्वतः बघायला येतायत, पहिला मान त्यांचा."

नालबंदाला हे फार गोड वाटलं, आणि गोड वाटलेलं त्याला कधी पचत नसे. उद्याचं गिऱ्हाईक! बाजारातल्या प्रत्येक दलालाकडे एक उद्याचं गिऱ्हाईक असायचं.

"चांगली आहे तर विकता कशाला?"

"माझा खुबा गेला. डॉक्टर म्हणाले, आता घोडा बंद."

ती घोडी आणायला वळली तेव्हा त्याने तिची चाल निरखली, अगदी बाजारात निरखायचा तशी. उजवा पाय टेकताना कंबर खाली जात होती आणि ते ढोंग नव्हतं. म्हणजे एवढं तरी खरं.

मावशी तपकिरी, कपाळावर रुपयाएवढा ठिपका. त्याने तिच्या छातीवर हात ठेवला. छाती गरम होती. घोडा तापट असला की गिऱ्हाईक यायच्या आधी त्याला दमवून ठेवतात, हे त्याला पाठ होतं.

"सकाळी पळवलीत हिला?"

"उन्हात उभी होती."

"कशावरून?"

बेकरीवालीने वर सूर्याकडे बोट दाखवलं. मुलीने मान फिरवून हसू दाबलं.

मग मुलगी बसून आली. अंगणाच्या बाहेर पिठाची लॉरी पीं पीं करत मागे येत होती, घोडीने फक्त एक कान वळवला. मुलीने मुद्दाम रिकिबीतून पाय काढले, लगाम ढिला केला, लहान मूल घसरतं तशी एका बाजूला कलली. घोडी थांबली आणि पाठीवरचं ओझं सरळ होईपर्यंत हललीच नाही. मुलीचा चेहरा उजळला आणि नालबंद लगेच पुढे झाला. घोडीला काही गुंगीचं दिलं असेल का? त्याने डोळे पाहिले, हिरड्या पाहिल्या. सगळं स्वच्छ.

मग तो वाकला आणि त्याला हवं ते दिसलं. चारही नाला कोऱ्या करकरीत होत्या.

"नाला कधी मारल्या?"

"परवा."

"विकायच्या तोंडावर?"

"मग काय लेकीला अनवाणी पाठवू?"

उत्तर चांगलं होतं, पण नालबंदाला ते ऐकूच आलं नाही. त्याला तीस वर्षांपूर्वीची एक सकाळ दिसत होती. एका दलालाचा लंगडा घोडा होता. बाजाराच्या आदल्या दिवशी नालबंदानेच नालेखाली चामड्याची चकती बसवली, वर कोरी नाल ठोकली, आणि घोडा आठ दिवस सरळ चालला. घेणारा एक शिक्षक होता. पैसे मोजताना त्याने ह्यालाच विचारलं होतं, "पाय ठीक आहे ना?" आणि ह्याने मान हलवली होती. उभी. ही गोष्ट त्याने बायकोलाही सांगितली नव्हती. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, ह्याच्या मनात ते तीस वर्षं मावळलंच नाही.

"नाल काढून बघणार," तो म्हणाला.

"बाबा!" मुलगी म्हणाली.

बेकरीवाली त्याच्याकडे पाहत राहिली. तिला राग आला होता हे दिसत होतं. "काढा. कर नाही त्याला डर कशाला? पण काढलीत तशी लावून द्यायची."

हत्यारांची पिशवी गाडीत होतीच. तिच्याशिवाय तो लग्नालासुद्धा गेला नसता. डावा पुढचा पाय मांड्यांत घेऊन त्याने खिळ्यांची टोकं सरळ केली आणि पकडीने नाल उचकटली.

खाली चामडं नव्हतं, भेग नव्हती, वास नव्हता. अंगठ्याने सगळीकडे दाबून पाहिलं. असा निरोगी खूर त्याने कित्येक वर्षांत हातात घेतला नव्हता. सुटल्यासारखं वाटायला हवं होतं, पण त्याला चोरी पकडली गेल्यासारखं वाटलं.

"झालं समाधान?" बेकरीवाली म्हणाली. "लावा आता."

दोन वर्षं त्याने हातोडी धरली नव्हती. मुलगी हळूच म्हणाली, "बाबा, यांच्या नालबंदाला बोलावू या." तो म्हणाला, चाळीस वर्षं काय मी लाटणं फिरवत होतो? पाच खिळे नीट बसले. नीट बसणारा खिळा खणखणीत बोलतो. सहावा ठोकताना त्याच्या मनगटात कळ आली, खिळा तिरका गेला आणि आवाज बदलला. मऊ, दबका. घोडीचा पाय त्याच्या मांड्यांत एकदाच थरारला.

खिळा जिव्हाळी, खुराच्या आतल्या मांसात, गेला होता.

हे कुणाच्याच ध्यानात आलं नाही. मुलगी लगाम धरून घोडीच्या कानाशी पुटपुटत होती, बेकरीवाली हाताचं पीठ झटकत होती. खिळ्याचं टोक वळवून वर कानस मारली की झालं असतं. आज घोडी चालली असती, लंगडली असती उद्या किंवा परवा. तो आत्ता नको म्हणून निघून गेला असता, तर बोल लागला असता बेकरीवालीला, तिच्या नालबंदाला, नाहीतर त्या गाडी पाठवणाऱ्याच्या नशिबाला. आणि नालबंदाची लाज पुन्हा एकदा कोऱ्या नालेखाली झाकली गेली असती. ही युक्ती त्याच्याइतकी कुणाला येत होती?

पाय धरून तो तसाच वाकून राहिला. मुलीने विचारलं, "कंबर धरली का?"

"नाही," तो म्हणाला. "खिळा लागलाय हिला. माझ्या हातून."

त्याने खिळा ओढून काढला. टोकाला रक्त होतं. तो तळहातावर घेऊन त्याने दोघींना दाखवला, कारण दाखवल्याशिवाय कुणी विश्वास ठेवावा असं त्याला कधी वाटलंच नव्हतं.

"पंधरा दिवस बसता येणार नाही. औषधाने धुवायचं, पट्टी बांधायची. नीट होईल. पण आज-उद्या लंगडणार."

बेकरीवालीचा आवाज थंड झाला. "किंमत पाडायला केलंत?"

मुलगी उसळून काहीतरी बोलणार होती, त्याने हाताने थांबवलं. बाईच्या जागी तो असता तर त्याने हेच पहिल्यांदा विचारलं असतं. बाजारात हेही चालायचं. आणि आपण मुद्दाम केलं नाही हे दाखवायला त्याच्याकडे काय होतं? चाळीस वर्षं तो लोकांकडे जो पुरावा मागत आला, तो त्याच्यापाशी नव्हता.

बेकरीवालीने त्यांच्यासमोरच फोन लावला. पलीकडच्या माणसाला तिने सरळ सांगितलं की घोडीच्या पायाला खिळा लागलाय, पंधरा दिवस लंगडेल. पलीकडून दोन वाक्यं आली आणि फोन बंद झाला. उद्याचं गिऱ्हाईक खरंच होतं, आणि आता ते नव्हतं.

"पूर्ण किंमत," नालबंद मुलीला म्हणाला. "जेवढी सांगितली तेवढी. आत्ता दे."

"लंगडी घोडी घ्यायची?" मुलीचा विश्वास बसेना. "तुम्ही सांगताय हे?"

"आजवर जेवढे घोडे बघितले, त्यांच्या पायात काय आहे ह्याचा मी नुसता अंदाजच केला. हिच्या पायात काय आहे ते मला पक्कं ठाऊक आहे." तो घोडीकडे वळला. "मावशी चांगली आहे गं. पहिल्यापासूनच चांगली होती."

बेकरीवालीने घोडीची मान थोपटली. मग म्हणाली, "देते. तुमच्यासाठी नाही, हिच्यासाठी देते." हिच्यासाठी म्हणजे मुलीसाठी. "आणि रोज मला व्हिडिओ पाठवायचा. गवतात नाही, फरशीवर. चारही पाय दिसले पाहिजेत."

पंधरा दिवस कशावरून पहाटे उठून तबेल्यात जात होता. खूर धुवायचा, पट्टी बदलायचा, मग दोन्ही हातांनी फोन धरून घोडीच्या पायांमागून उलटा चालायचा. पाणी प्यायच्या हौदाला दोनदा धडकला. बेकरीवाली रोज उत्तर पाठवायची: "डावा नीट दिसत नाही. परत काढा." तो परत काढायचा.

सोळाव्या दिवशी मावशी सरळ चालली. नवा वर्ग सुरू झाला होता. तिच्या पाठीवर एक सात वर्षांची मुलगी होती, दोन्ही हातांनी खोगीर घट्ट धरून, डोळे मिटून. ती एका बाजूला घसरली तेव्हा मावशी थांबली आणि ती सरळ होईपर्यंत थांबूनच राहिली. त्या मुलीने डोळे उघडले. नालबंदाच्या व्हिडिओत यातलं काही आलं नाही, त्यात फक्त चार पाय होते. खाली त्याने लिहिलं: "आज सरळ चालली. वर मूल बसलंय."

थोड्या वेळाने बेकरीवालीचं उत्तर आलं. एकच शब्द होता.

"कशावरून?"

चष्मा पुसून त्याने तो पुन्हा वाचला. मग दाराशी बसून, एकेक अक्षर शोधत, त्याने लिहिलं: "तुम्हीच या. हात लावून बघा. हवं तर नाल काढून दाखवतो. परत लावायला मात्र तुमच्या नालबंदाला घेऊन या."