पाबे घाटातला पट्टा

या सदरातले अनुभव मी सकाळच्या चहाबरोबर वाचते आणि मनातल्या मनात त्यांची चिरफाड करते. सवयच आहे. मी वाहन विम्याच्या क्लेम्स विभागात काम करते. अपघात झालेल्या माणसांचे जबाब वाचायचे आणि त्यात खोटं कुठे आहे ते शोधायचं, याचाच मला पगार मिळतो. भूतबाधा, बाहेरचं काही, यातलं मला कधीच काही पटलं नाही. अजूनही पटत नाही, आणि तीच माझी पंचाईत आहे.

आम्ही पुण्यात विश्रांतवाडीला राहतो. मी आणि माझा नवरा मंदार. तो शाळेत चित्रकला शिकवतो. लग्नाला नऊ वर्षं झाली, मूलबाळ नाही, त्यामुळे सुट्टी लागली की आम्ही सायकली काढतो. मंदारबद्दल एवढंच सांगते — घरात झुरळ निघालं तर तो ते सुपलीत घेऊन खाली बागेत सोडून येतो. नऊ वर्षांत त्यानं माझ्यावर कधी आवाज चढवलेला नाही. आमच्याकडे आवाज मी चढवते.

गेल्या ऑक्टोबरमध्ये पाच दिवसांची टूर ठरवली होती. विश्रांतवाडीहून खडकवासला, पाबे घाटातून वेल्हे, मग भोर, वरंध घाट उतरून महाड आणि शेवटी समुद्र. उजाडायच्या आधी निघालो. खडकवासल्याला पोहे खाल्ले, खानापूरला डावीकडे वळलो आणि मग काय विचारता... दोन्ही बाजूंना तयार भाताची खाचरं, उतारावर सोनकीची पिवळी फुलं, रस्त्यावर चिटपाखरू नाही. मी इतकी खूश होते की चक्क गात होते.

मला चढ झेपत नाही. त्यावर मंदारनं एक युक्ती काढली होती. सायकलची जुनी ट्यूब कापायची, एक टोक त्याच्या सीटखालच्या दांड्याला आणि दुसरं माझ्या हँडलला बांधायचं. तो पुढे, मी मागे. अगदी ओढत नेतो असं नाही, पण तेवढाच हातभार लागतो. आमच्या सायकल ग्रुपमधले चिडवायचे, ‘मंदारनं बायकोला वेसण घातली.’ मी म्हणायचे, बैल पुढे आहे, नीट बघा.

ग्रुपची आणखी एक रीत आहे. ज्या घाटात जायचं तिथला एक पिशवीभर प्लास्टिक कचरा उचलायचा आणि पुढच्या गावात कचरागाडीत टाकायचा. निम्मा घाट चढल्यावर एका वळणावर कठड्यापाशी पत्रावळ्या, बाटल्या, वेफर्सची पाकिटं असा सगळा उकिरडा होता. मंदार ट्यूब सोडून वळणापलीकडे स्केच करायला गेला. मी पिशवी भरली. ती कॅरिअरला बांधायला गेले तर माझा इलॅस्टिकचा दोर तुटला. आणि तिथेच कठड्यावर एक पट्टा होता — पुरुषाचा, चामड्याचा, चांगला रुंद, पितळी बकलचा. पावसाळाभर तिथे पडून होता असं वाटेना, इतका मऊ होता. इतका चांगला पट्टा, वाया कशाला घालवायचा, असा अस्सल पुणेरी विचार करून मी त्यानं पिशवी कॅरिअरला आवळली. तो पिशवीच्या खालून गेला होता, वरून दिसत नव्हता. मंदार आला, त्यानं ट्यूब बांधली, आम्ही निघालो. त्यानं तो पट्टा पाहिला नव्हता. हे कृपया लक्षात ठेवा.

साडेदहा वाजले होते. लख्ख ऊन.

पाच मिनिटांत सायकल जड झाली. मला वाटलं चढ वाढला. मंदार पुढून म्हणाला, “ब्रेक लागलाय का बघ जरा.” ब्रेक मोकळा होता. पण आमच्यातली ट्यूब इतकी ताणली गेली होती की करंगळीएवढी बारीक दिसत होती. मंदार पेडलवर उभा राहून जोर लावत होता. त्याची पाठ घामानं भिजलेली मला समोर दिसत होती... आणि मागून कुणीतरी माझी वेणी धरली.

वेणी कशात अडकली नव्हती. कुणीतरी ती मनगटाला गुंडाळून धरल्यासारखी एकेका वेढ्यानं आखडत गेली आणि माझं डोकं मागे गेलं. हेल्मेटचा पट्टा गळ्यात रुतला. ओरडायला तोंड उघडलं तेवढ्यात पाठीत पहिला फटका बसला. मला आयुष्यात कुणी मारलेलं नाही, आईनंसुद्धा नाही. पण पट्ट्याचा मार कळायला आधी खावा लागत नाही, एवढं त्या दिवशी कळलं. दुसरा बसला, तिसरा बसला. तिसऱ्याला बकल लागलं. आणि या सगळ्या वेळात मंदार सहा फूट पुढे होता, त्याची पाठ माझ्याकडे होती.

मग ट्यूब तुटली. तिचं टोक माझ्या गालावर बसलं, मी डांबरावर पडले, पण वेणी सुटली नाही. मंदारही पडला. उठून त्यानं मागे पाहिलं, तेव्हा त्याचा चेहरा... तो चेहरा मी ओळखत नाही. त्यानं सायकलच्या फ्रेमला लावलेला हवेचा लोखंडी पंप उपसला आणि तो माझ्या अंगावर धावून आला.

“सोड तिला,” तो म्हणत होता. “सोड. सोड तिला.” आणि पंप चालवत होता. पहिला घाव माझ्या कानाजवळून गेला. दुसऱ्यानं माझं खांद्याचं हाड मोडलं. मी हात वर केला, तर मनगटाच्या वर कट असा आवाज झाला आणि हात नको तिथे वाकला. पुढचा गालावर बसला. रक्त डोळ्यात गेलं. मी त्याला नावानं हाका मारत होते. तो माझ्याकडे बघतच नव्हता, माझ्या उजव्या खांद्यावरून मागे बघत होता.

मला तीन घाव लागले. त्यानं वीसेक तरी घातले. बाकीचे कुठे गेले? रस्त्यावर पडले असते तर लोखंडाचा आवाज आला असता. तसा आवाज आला नाही. ओल्या पोत्यावर काठी बसावी तसा येत होता, माझ्या पाठीमागून, अगदी जवळून. आणि प्रत्येक घावाला वेणीला हिसका बसत होता. मग एकदम वेणी सुटली.

मंदार थांबला. पंप वाकला होता. त्यानं खाली पाहिलं, मला पाहिलं. “तो कुठे गेला?” एवढंच विचारलं त्यानं.

पेंडीची पोती भरलेला एक टेंपो वरून आला. ड्रायव्हर पन्नाशीचा होता. त्यानं आधी मला पाहिलं, मग मंदारच्या हातातला पंप.

“ताई, ह्यो कोन तुमचा?”

“नवरा.”

त्यानं केबिनचं दुसरं दार उघडलं. मग म्हणाला, “तुमी म्होरं बसा माज्यासंगं. त्यो मागं बसंल, पोत्यांवर.” मंदार मुकाट्यानं मागे चढला.

दवाखान्यात खांदा बांधला, हाताला प्लास्टर, गालाला सात टाके. पाठ बघताना डॉक्टरीणबाई थबकल्या. तीन वळ होते आणि एका वळाच्या टोकाला बकलची चौकट जशीच्या तशी उमटली होती. त्यांनी मंदारला बाहेर पाठवलं, पोलिसांना फोन केला. योग्यच केलं, मीही तेच केलं असतं.

एक महिला हवालदार माझा जबाब घ्यायला आल्या. मी सगळं क्रमानं सांगितलं. नवऱ्यानं पट्टा वापरला नाही, त्याच्या सायकलिंगच्या चड्डीला पट्टा नसतोच, पाठीत फटके बसले तेव्हा तो पुढे होता. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

“मॅडम,” त्या म्हणाल्या, “रोज एक तरी बाई मला सांगते, की त्यानं नाही मारलं. तुमची गोष्ट जरा लांब आहे, एवढंच.”

मी तक्रार दिली नाही. त्यांची माणसं घाटात जाऊन आली. सायकली मिळाल्या, तुटलेली ट्यूब मिळाली, पिशवी आणि सगळीकडे पसरलेला कचरा मिळाला. पट्टा मिळाला नाही.

पोलिसांनी मंदारला त्या माणसाचं वर्णन विचारलं तेव्हा त्यानं कागद मागून चित्रच काढलं. बारीक केसांचा, जाड मानेचा माणूस. डाव्या मनगटाला माझी वेणी गुंडाळलेली, उजव्या हातात पट्टा. तेच चित्र त्यानं तीन दिवसांनी घरी पुन्हा काढलं, तेव्हा मी पाहिलं. त्या माणसाची पँट कमरेवरून खाली घसरलेली होती. मी विचारलं, अशी का काढलीस? तो म्हणाला, तशीच होती. तेव्हा मी त्याला कठड्यावरच्या पट्ट्याबद्दल सांगितलं. त्यानं पेन्सिल खाली ठेवली. त्यानंतर त्यानं चित्र म्हणून काही काढलेलं नाही, शाळेत फळ्यावर काढतो तेवढंच.

आई महिनाभर आमच्याकडे येऊन राहिली. मंदारच्या पुढ्यात ताट ठेवायची, पण बोलायची नाही. एकदा मला एकटीला गाठून म्हणाली, “खरं सांग, पहिल्यांदाच का हे?” मी म्हटलं, “आई, त्यानं मला वाचवलं.” ती रडायला लागली. मी असं म्हणणार, याचीच तिला भीती होती.

मंदार स्वतःहून मानसोपचारतज्ज्ञांकडे गेला. चार महिने गेला. मेंदूचा स्कॅनही झाला. कुणालाच काही सापडलं नाही.

आता तुम्ही म्हणाल, उन्हाचा झटका. किंवा धक्क्यानं माझ्या डोक्यात घटनांचा क्रम उलटा झाला, आणि पट्टा त्यानंच चालवून दरीत फेकला. हे सगळं मीच आधी म्हणून झालंय. असा जबाब माझ्या टेबलावर आला असता तर मी तो अर्ध्या तासात निकालात काढला असता. एकुलती एक साक्षीदार, ती बायको, तिला डोक्याजवळ मार लागलेला. पण त्या रस्त्यावर मी होते. माझी वेणी कुणी धरली ते मला माहीत नाही, पण ती मंदारनं धरली नव्हती. याहून जास्त मला सांगता येत नाही, आणि याला माझ्याकडे स्पष्टीकरण नाही.

घरी आलो त्या दिवसापासून मंदार हॉलमध्ये झोपतो. त्यानंच ठरवलं. म्हणाला, तू आतून कडी लाव. मी भांडले त्याच्याशी. म्हटलं, मला गरज नाही, माझा तुझ्यावर पूर्ण विश्वास आहे. तो म्हणाला, “माहीत आहे. तरी लाव.”

मी लावते. पहिले काही दिवस अगदी हळू लावायचे, त्याला ऐकू जाऊ नये म्हणून. मग लक्षात आलं, की हॉलमधला दिवा तासन्‌तास चालूच असतो. आता मी मुद्दाम आवाज करून कडी लावते. तो आवाज झाला की मंदार दिवा बंद करतो.