शिसवी मेजाची साक्ष

टेम्पो नागोठण्याच्या पुढं आला तरी ठमाबाईला शिकवलेलं बोलणं जमेना.

“परत बोल,” गाडी चालवता चालवता प्रदीपशेट म्हणाला.

“माझी सासू रोह्याच्या मोठ्या घरात भांडी घासायची. तिच्यासंगं मी लहानपनी जायची…”

“लहानपणी सासू कुठनं आली? आजी म्हण, आजी!”

ठमाबाई वरसे गावाजवळच्या कातकरवाडीतली. उमेदीची वर्षं कोळशाच्या आणि विटांच्या भट्ट्यांवर गेली. मग प्रदीपशेटच्या फर्निचरच्या शेडमध्ये झाडलोटीला लागली. एकदा पॉलिशवाला आठवडाभर आला नाही, तेव्हा हिनं आपणच लाखेचा चपडा स्पिरिटात विरघळवला आणि मलमलीचा बोळा हातात घेतला. त्याला अठरा वर्षं झाली. तिची नखं आता कितीही धुतली तरी तांबडीच राहत.

शेडमध्ये जुन्या घडणीचं नवं सामान बनायचं आणि नवं म्हणूनच विकलं जायचं. टेम्पोतलं हे शिसवी मेजही तसंच. सईदभाईनं चार महिने बसून त्यावर द्राक्षांचे वेल आणि पोपट कोरले होते. पेणच्या लिलावाला ते नक्कल म्हणूनच दिलेलं. पण आदल्या दिवशी फोटो बघून दोघा गिऱ्हाइकांनी विचारलं, खरंच दीडशे वर्षांचं आहे का? प्रदीपशेट ‘हो’ म्हणून बसला आणि लिलाववाल्यालाही तेच सांगून आला. आता त्या ‘हो’ला साक्षीदार हवा होता.

“मला नाय जमायचं, शेट.”

“तुझ्याकडं बघून कोणाला शंका येणार नाय, म्हणून तुला आणली. नाय जमत तर उद्यापासून येऊ नको.”

सईदभाई मागं मेज धरून बसला होता. त्याला यातलं काहीच ठाऊक नव्हतं.

हॉल भरलेला. मेज पुढं मांडलं, आणि प्रदीपशेटनं ठमाबाईला साक्षीदार म्हणून पुढच्या रांगेत बसवलं. बोली चढू लागली तशी अलिबागहून आलेली चष्मेवाली बाई उठली. “आजी, तुम्ही हे लहानपणी पाहिलंय म्हणतात. खरं?”

सगळ्यांच्या माना वळल्या.  प्रदीपशेट ठमाबाईकडं एकटक बघत होता.

“व्हय. आजीसंगं जायची मी.”

बोलून गेली आणि तिनं तांबडी नखं पदराआड दडवली. बाईनं बोली वाढवली. पलीकडचा हॉटेलवाला इरेला पेटला. पुढं येऊन मेजावरून हात फिरवत तो म्हणाला, “चकाकी बघा ही! आणि हे वेल! असं काम करणारी माणसं आता उरलीच नाहीत.”

दाराशी उभा असलेला सईदभाई ते ऐकून मान खाली घालून बाहेर गेला.

ठमाबाईला काय झालं तिचं तिलाच कळलं नाही. लिलाववाल्यानं ‘दोन वार’ म्हणून हातोडी उचलली आणि ती ओरडली, “थांबा! मी केलंय ते!”

हॉलमध्ये कोणीतरी हसलं. ती पुढं आली आणि दोन्ही हात मेजावर ठेवले. “पॉलिश माझं हाय. नखं बघा. वेल सईदभायनं कोरलेत, आत्ता भायेर गेला तो. कोरीव कामात काजळी मीच भरली, जुनं दिसावं म्हणून.”

“मग मघाशी खोटं का बोललात?” चष्मेवाली बाई कडाडली.

“भ्याले,” ठमाबाई म्हणाली.

बाई पर्स उचलून निघूनच गेली. लिलाववाला प्रदीपशेटवर भडकला. सगळ्या बोली रद्द करून त्यानं मेज ‘नवीन नक्कल’ म्हणून पुन्हा पुकारलं. हॉटेलवाल्यानं ते बऱ्याच कमी बोलीत घेतलं. प्रदीपशेट एकटाच टेम्पो घेऊन गेला.

ठमाबाई आणि सईदभाई एसटीनं परतली.  वडखळला सईदभाई फुटला, “माझं नाव घ्यायला कोणी सांगितलं होतं? मस्कतचं काम सुटून आल्यावर कसाबसा जम बसला होता. आता मला तरी तो ठेवील काय?”

 नागोठण्याला तो मागं न बघता उतरला.

प्रदीपशेटनं दोघांनाही काढलं. ठमाबाई भातलावणीच्या मजुरीला जाऊ लागली. चिखलात वाकून कंबर धरायची, आणि हाताला सारखा तो बोळा हवासा वाटायचा. सून म्हणायची, “गप ऱ्हायली असतीस तर?” ती म्हणायची, “ऱ्हायलेच व्हते की जरा येळ.”

दसऱ्याच्या सुमाराला सईदभाईची बायको ताजुन्निसा वाडीवर आली. नवऱ्यानं घराच्या पडवीतच काम सुरू केलं होतं. एका घराचा कोरीव दरवाजा तयार झाला होता, पॉलिशला माणूस नव्हतं.

“त्यानं धाडलं तुला?” ठमाबाईनं विचारलं.

“राग हाय अजून त्याच्या डोक्यात,” ताजुन्निसा म्हणाली. “मीच आले. दरवाजा बघून तो काय बोलतो ते बघू. येतेस?”

ठमाबाईनं चूल विझवली आणि पदर खोचून तिच्यामागं निघाली.